फ्रिस्कोचं उत्पन्न वाढलं म्हणजे नक्की कोणाचं वाढलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून आलेलं जोडपं, दोघंही आयटीत, ऑफिस टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या प्लॅनोला, मुलगी चौथीत. घर घ्यायचं म्हणून डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को बघतायत. त्यांनी जनगणनेचे आकडे काढले तर दिसलं की वीस वर्षांत गाव सहापट झालं आणि घरटी मीडियन उत्पन्न ७९ हजार डॉलरवरून १ लाख ४४ हजारावर गेलं. त्यांचं म्हणणं, इथे सगळेच श्रीमंत होतायत म्हणजे पुढेही हेच चालणार, मग आत्ताच उडी मारावी का, आणि मारायची तर फ्रिस्कोतच की अजून लांब सेलिना-प्रिन्स्टनकडे जिथे घरं स्वस्त आहेत?

मी याच पट्ट्यातल्या सिट्यांसाठी लोकसंख्येचे आणि शाळांच्या पटाचे अंदाज काढायचं काम करतो, त्यामुळे तुम्हा दोघांसाठीचं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तो उत्पन्नाचा आकडा. २००० च्या जनगणनेत उत्पन्न विचारलं होतं ते आदल्या वर्षाचं, म्हणजे ७९ हजार हे १९९९ चे डॉलर. आणि १ लाख ४४ हजार हा आकडा जनगणना खात्याच्या २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या सर्व्हेतला, २०२२ च्या डॉलरमधला. मधे महागाई झालीये. १९९९ चे ७९ हजार २०२२ च्या भावात मांडले तर साधारण १ लाख ३९ हजार होतात. म्हणजे खरी वाढ चारपाच टक्के, तीसुद्धा वीसबावीस वर्षांत! हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी त्यांचा प्लॉटच हिसकावून घेतला. पण गणित कुणीही करून बघावं, महागाईचा निर्देशांक उघडा मिळतो.

मग गावात एवढा पैसा दिसतोय तो कुठून आला? तर माणसं बदलली. मीडियन म्हणजे सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभी केली तर मधल्या घराचं उत्पन्न, आणि २००० साली त्या ओळीत जी घरं होती तीच आजच्या ओळीत नाहीयेत. तेव्हा गावची वस्ती ३३,७१४ होती, २०१० ला १,१६,९८९ आणि २०२० ला २,००,५०९. आता सव्वादोन लाखाच्या वर. आजच्या ओळीतली बहुतेक माणसं तेव्हा इथे नव्हतीच, कुणी कॅलिफोर्नियात टोरन्सला होतं, कुणी हैदराबादला, कुणी कोथरूडला बारावीचे क्लास करत होतं. फर्स्ट क्लासच्या डब्याचं तिकीट वाढलं म्हणून आधीपासून आत बसलेला माणूस श्रीमंत होत नाही, फक्त पुढच्या स्टेशनला चढणाऱ्याचा खिसा आधीपेक्षा जड लागतो. फ्रिस्कोचं तसं झालंय. घरांच्या किमती उत्पन्नाच्या कितीतरी पुढे पळाल्या, त्यामुळे आत येणाऱ्याचं उत्पन्न मधल्या घराइतकं असून भागत नाही, त्याच्या वरच लागतं, आणि ज्यांनी २००३ ला घर घेतलं त्यांचं उत्पन्न आज मधल्या घराच्या खाली असलं तरी ते आरामात राहतायत कारण त्यांनी घर तेव्हाच्या स्वस्त भावात घेतलेलं.

गाव वाढलं कसं हेही बघा, म्हणजे येणाऱ्या लोकांचे थर लक्षात येतील. रेल्वेमुळे वसलेलं, कापसाचं आणि धान्याचं गाव, नावच सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेचं. १९९० ला जेमतेम सहा हजार माणसं. दक्षिणेला प्लॅनो आधीच भरत आला होता, तिथे १९६० ला चार हजारही वस्ती नव्हती आणि १९९० ला सव्वा लाखाच्या वर गेली होती. मग तीच लाट एक गाव वर सरकली. २००० साली स्टोनब्रायर मॉल उघडला, डॅलस नॉर्थ टोलवे वर वर येत २००७ ला हायवे ३८० पर्यंत पोचला, आणि रिकाम्या शेतांवर बिल्डरांनी एकासारखी एक विटांची घरं उभी केली. पहिला थर म्हणजे डॅलस आणि जुन्या उपनगरांतून आलेली, बहुतेक गोरी, तिशीतली, दोन मुलं असलेली मॅनेजर लोकांची कुटुंबं. दुसरा थर कंपन्यांनी आणला. टोयोटाने २०१४ ला जाहीर केलं आणि २०१७ ला कॅलिफोर्नियातलं मुख्यालय प्लॅनोत, म्हणजे फ्रिस्कोच्या अगदी दारात आणलं, शेजारी लिबर्टी म्युच्युअल, जेपी मॉर्गन आले. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचं मुख्यालय २०१६ ला खुद्द फ्रिस्कोत आलं, पीजीए ऑफ अमेरिका ही गोल्फची संघटना २०२२ ला.

यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. फ्रिस्को डार्टमध्ये, म्हणजे डॅलसच्या रेल्वे-बसच्या व्यवस्थेत, नाहीये. टेक्ससमध्ये विक्रीकर सव्वाआठ टक्के, त्यातले दोन टक्के गावाचे. प्लॅनो त्यातला एक टक्का डार्टला देतं. फ्रिस्को तोच टक्का अर्धा-अर्धा करून स्वतःच्या दोन विकास महामंडळांना देतं, आणि स्टेडियम, कंपन्यांना सवलती, पार्क हे सगळं त्या पैशातून. म्हणून गाव चकचकीत आहे, आणि म्हणूनच ज्याच्याकडे गाडी नाही त्याला इथे राहणं अवघड आहे. गाडी नसलेला माणूस कमी उत्पन्नाचा असतो हे सांगायला नको, तीही एक प्रकारची गाळणीच झाली.

तिसरा थर आपला. आशियाई लोक २०१० ला साधारण दहा टक्के होते, २०२० ला चौथ्या हिश्श्याच्या वर गेले, आणि त्यात मोठा वाटा भारतीयांचा, त्यातही तेलुगू मंडळी सगळ्यात जास्त दिसतात. कार्यसिद्धी हनुमान मंदिरात शनिवारी पार्किंग मिळत नाही यावरून अंदाज करा. आपलं डॅलस फोर्ट वर्थ महाराष्ट्र मंडळही आहे, गणपतीला भेट होईलच. हा थर आला तो दोन पगार घेऊन आला हे महत्त्वाचं. पहिल्या थरात बऱ्याच घरांत एकाचा पगार आणि दुसरा घरी, आता नवरा-बायको दोघं इंजिनिअर, दोघांचे मिळून दोन लाखाच्या आसपास. म्हणजे घरटी उत्पन्न टिकलं ते माणशी पगार वाढला म्हणून किती आणि घरातली दोघं कामाला लागली म्हणून किती, हा प्रश्न विचारायला हवा आणि तो कुणी विचारत नाही.

अजून एक गैरसमज. सगळे म्हणतात कॅलिफोर्नियावाले आले आणि भाव चढवले. आयकर खातं दर वर्षी रिटर्नवरच्या पत्त्यांवरून काढतं की कुठल्या काउंटीतून कुठल्या काउंटीत किती कुटुंबं गेली. ते तक्ते बघा, कॉलिन काउंटीत सगळ्यात जास्त लोक येतात ते शेजारच्या डॅलस काउंटीतून. कॅलिफोर्नियावाले येतात पण जास्त करून गप्पांमध्ये येतात. फ्रिस्कोचा मोठा भाग कॉलिनमध्ये आणि पश्चिमेचा डेंटनमध्ये, त्यामुळे काउंटीचे आकडे वापरताना हेही लक्षात ठेवा.

आता जे या आकड्यांत दिसतच नाहीत त्यांच्याबद्दल. तुमच्या मुलीच्या शाळेत नवीन लागलेल्या शिक्षिकेचा पगार साठ हजाराच्या आसपास असेल. तेवढ्यात फ्रिस्कोत स्वतःचं घर घेता येत नाही. ती लिटल एल्म किंवा अ‍ॅना किंवा प्रिन्स्टनहून गाडी हाणत येते. गावात जी उरतात ती अपार्टमेंटमधली भाडेकरू, साधारण तीनातलं एक घर भाड्याचं आहे, आणि मालकांची उत्पन्नं वेगळी आणि भाडेकरूंची वेगळी काढली की एकाच गावात दोन गावं दिसतात. जनगणनेच्या साइटवर हा तक्ता वेगळा मिळतो, पण लोक वरचा एकच आकडा उचलतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. शिवाय या सर्व्हेत शेअर विकून झालेला नफा उत्पन्नात धरत नाहीत आणि घराच्या वाढलेल्या किमतीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे कागदावर ६० हजार उत्पन्न असलेला रिटायर्ड माणूस सहा लाखाच्या फिटलेल्या घरात बसलेला असतो आणि कागदावर दोन लाख वीस हजार कमावणारं जोडपं महिनाअखेर डे-केअरचं बिल बघून घाम पुसत असतं. दोघं शेजारी.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा भाग शाळांचा, कारण तुम्ही त्यासाठीच येताय. फ्रिस्को शाळा डिस्ट्रिक्टने मोठी भव्य हायस्कूल न बांधता लहान लहान बरीच बांधली, बारावं हायस्कूल पँथर क्रीक २०२२ ला उघडलं. वर्षानुवर्षं इथे शाळा बांधून पुरत नव्हत्या. आणि आता? पट ६७ हजाराच्या आसपास जाऊन उतरायला लागला, आणि २०२४ च्या शेवटी बोर्डाने स्टेली मिडल स्कूल बंद करायचं ठरवलं. शेजारच्या प्लॅनो डिस्ट्रिक्टने त्याच वर्षी चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. गाव वाढतंय आणि शाळा बंद होतायत, हे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात.

कारण सोपं आहे. आम्ही अंदाज काढतो तेव्हा दर शंभर घरांमागे किती शाळकरी मुलं हे धरतो. नव्या कॉलनीत तो आकडा सुरुवातीला झपाट्याने वाढतो कारण सगळी घरं एकदम, एकाच वयाच्या जोडप्यांनी घेतलेली. मग दहाबारा वर्षांनी सगळी मुलं एकदमच कॉलेजला जातात, आईबाप तिथेच राहतात. पूर्वी अशी जोडपी घर विकून लहान घरात जायची आणि नवीन तरुण कुटुंब यायचं, तेवढ्याने चक्र चालू राहायचं. आता विकत नाहीत. २०२०-२१ ला तीन टक्क्याच्या आतबाहेर घेतलेलं कर्ज सोडून आजच्या व्याजदराने नवीन कोण घेणार, आणि दुसरं म्हणजे टॅक्स. आणि जी नवीन कुटुंबं येतात त्यांना घराच्या किमतीमुळे यायलाच उशीर होतो, पस्तिशी-चाळिशीत येतात, मूल एक किंवा दोन, तीही बऱ्याचदा आधीच मोठी. उत्पन्न चढं आणि मुलं कमी, ही जोडी इथून पुढे तुम्हाला कायम दिसेल.

टॅक्सचं जरा नीट सांगतो कारण आपल्याकडच्या घरपट्टीच्या हिशोबाने इथे येणारे लोक इथेच आपटतात. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई घरावरच्या टॅक्समधून. फ्रिस्कोत सगळं मिळून घराच्या मूल्याच्या पावणेदोन टक्क्याच्या आतबाहेर बसतं, त्यातला सगळ्यात मोठा तुकडा शाळेचा. तुम्ही स्वतः राहात असाल तर होमस्टेड सूट मिळते, शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या मूल्यातून वजा होणारी ही रक्कम २०२३ मध्ये ४० हजारावरून १ लाख झाली आणि २०२५ च्या मतदानात १ लाख ४० हजार. शिवाय करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही, आणि वयाची पासष्टी झाली की शाळेचा टॅक्स गोठतो.

समजा एकाच गल्लीत एकासारखी दोन घरं, बाजारभाव सात लाख. एक जुन्या मालकाचं, त्याचं करपात्र मूल्य त्या दहा टक्क्याच्या मर्यादेमुळे साडेपाच लाखावर अडकलेलं. दुसरं तुम्ही काल घेतलं, तुमची मर्यादा शून्यापासून सुरू, म्हणजे पहिल्या वर्षी पूर्ण सात लाख. नुसत्या या फरकाचे वर्षाला अडीच हजार डॉलर तुम्ही जास्त भरता. म्हणून विकणाऱ्याची टॅक्सची पावती बघून तुमचं बजेट करू नका, एजंट ती कौतुकाने दाखवेल. तुमच्या खरेदीच्या किमतीवर स्वतः गणित करा. आणि दर वर्षी अप्रेजल डिस्ट्रिक्टची, म्हणजे घराचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाची, नोटीस आली की मे १५ च्या आत प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, भरा, घरबसल्या होतं, बहुतेक वर्षी थोडंफार तरी कमी करून मिळतं.

आता सेलिना आणि प्रिन्स्टन. सेलिना २०२० च्या जनगणनेत १६,७३९ होतं आणि २०२३ ला ४३ हजाराच्या पुढे, देशात सगळ्यात वेगाने वाढणारं म्हणून नाव झालं. पुढच्या वर्षी तो मान प्रिन्स्टनला, एका वर्षात तीस टक्के वाढ. आणि त्याच प्रिन्स्टनने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नव्या घरबांधणीच्या परवानग्या काही महिन्यांसाठी थांबवल्या, कारण रस्ते, पाणी, पोलिस काहीच पुरेना. हायवे ३८० वर सकाळी साडेसातला एकदा उभे राहून बघा, घर स्वस्त का आहे ते कळेल.

या गावांच्या उत्पन्नाच्या आकड्यांवर तर अजिबात विसंबू नका. ६५ हजाराच्या वर वस्ती असेल तरच एका वर्षाचा सर्व्हे मिळतो, खालच्या गावांना पाच वर्षांची सरासरी. सेलिनासारख्या गावात पाच वर्षांची सरासरी म्हणजे जुनं शेतकऱ्यांचं गाव आणि नवीन कॉलन्या एकाच पातेल्यात, असं मिश्र गाव कुठल्याही एका दिवशी प्रत्यक्षात नव्हतंच. आणि आकडा किती चुकू शकतो याची मर्यादा, जी प्रत्येक आकड्याशेजारी प्लस-मायनस करून दिलेली असते, ती लहान गावात एवढी मोठी असते की या वर्षी वाढलं का घटलं हेच सांगता येत नाही. मी तिथे उत्पन्नाऐवजी बांधकाम परवाने आणि शाळेचा पट बघतो, ते मोजलेले असतात, अंदाज नसतात.

अजून एक, आणि हे फार कमी लोक विचारतात. या गावांतल्या नव्या कॉलन्यांत बऱ्याच ठिकाणी मड (MUD) किंवा पिड (PID) असतं. म्हणजे पाण्याच्या लाइनी, रस्ते यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते त्या कॉलनीतल्या मालकांकडून वेगळे वसूल करायचे. नेहमीच्या टॅक्सवर हा भार चढतो, वर्षाला काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि कित्येक वर्षं चालतो. घर पन्नास हजाराने स्वस्त दिसतं आणि वाचलेले पैसे यातून परत जातात.

आता पुढे काय होईल म्हणाल तर. फ्रिस्कोत रिकामी जमीन अजून आहे, उत्तरेला फील्ड्स नावाच्या गृहप्रकल्पाचा मोठा पट्टा आहे, गाव तीन लाखाच्या पुढे जाऊन भरेल असा हिशोब आहे. पण जे बांधलं जाईल त्यात अपार्टमेंट आणि टाउनहोमचा वाटा वाढणार. झोनिंगच्या सुनावणीला एकदा जाऊन बसा, करमणूक आणि शिक्षण दोन्ही होतं. दोनशे फुटाच्या आतल्या मालकांना पत्रं गेलेली असतात, एकाच रंगाचे टीशर्ट घालून पन्नाससाठ माणसं येतात, प्रत्येकाला तीन मिनिटं, दिवा लाल झाला की माइक सोडायचा. एक जण उठून सांगतो अपार्टमेंट आलं तर शाळा ओसंडून वाहतील. त्याच आठवड्यात शाळेच्या बोर्डापुढे घटत्या पटाचे तक्ते ठेवलेले असतात. आणि अपार्टमेंटमागे मुलं बंगल्यापेक्षा कमी असतात हे तर कुठलाही आमच्या धंद्यातला माणूस सांगेल. यात आपली मंडळीही मागे नसतात हं, स्वतः चार वर्षं अपार्टमेंटमध्ये राहून घर घेतलं की लगेच अपार्टमेंटला विरोध! २०२५ च्या सप्टेंबरपासून मात्र राज्याचा नवीन कायदा लागू झालाय, दीड लाखाच्या वरच्या अशा शहरांत व्यापारी जागेवर घरबांधणीला सिटीला सहज नाही म्हणता येत नाही. त्यामुळे टोलवेच्या कडेला काय येईल हे आता पूर्वीइतकं सिटीच्या हातात नाही. माझ्या मते हे बरंच झालं, पण तुमच्या मागच्या कुंपणापलीकडे ऑफिसचा रिकामा प्लॉट असेल तर तो कायम रिकामाच राहील असं धरून चालू नका.

आणि एक धोका जो आपल्याच लोकांना लागू आहे. या गावातला पैसा एकाच प्रकारच्या नोकरीतून येतोय, आयटी आणि कंपन्यांची बॅक ऑफिसं. ग्रीनकार्डच्या रांगेत दर देशाला सात टक्क्याची मर्यादा, त्यामुळे दहाबारा वर्षं एच-वनवरच, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर, असलेली कितीतरी घरं. नोकरी गेली की साठ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, त्याने नवीन येणारे कमी झाले तर सात-आठ लाखाच्या घरांना गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मला मीडियन उत्पन्नापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. एका पगारावर सहा महिने हप्ता आणि टॅक्स निघेल एवढंच घर घ्या, भले दोन पगारांवर बँक दुप्पट द्यायला तयार असली तरी.

तुमच्या केसमध्ये मी काय करेन विचाराल तर फ्रिस्कोच्या दक्षिण भागातलं किंवा प्लॅनोच्या पश्चिमेचं जुनं, पंचवीस वर्षांचं घर बघेन. ऑफिस जवळ, मड-पिडची भानगड बहुधा नाही, झाडं मोठी झालेली. बदल्यात छत आणि एसी बदलायचा खर्च धरा, गारांनी छपरं इथे दर काही वर्षांनी जातात आणि इन्शुरन्सचा हप्ता त्यामुळेच चढलाय. शाळा मात्र नावावर न जाता डिस्ट्रिक्टच्या साइटवर त्या शाळेचा गेल्या पाच वर्षांचा पट काढून बघा. सारखा उतरत असेल तर तुमची मुलगी सहावीत जाईपर्यंत हद्दी बदलल्या जाण्याची शक्यता धरा, आणि घर फक्त त्या एका शाळेसाठी घेत असाल तर सही करण्याआधी शेजारच्या दोन शाळाही बघून या.